पलाली, एप्रिल १९९५: पहिलं विमान पडल्यावर दुसऱ्याच दिवशी दुसरं का पाठवलं?

वाटसरू_तळेगाव

मंडळी, गेल्या महिन्यात चेन्नईहून श्रीलंकेतल्या जाफन्याला जाऊन आलो. छोटं एटीआर विमान. खिडकीतून आधी समुद्र, मग परत समुद्र, आणि मग एकदम ताडाची झाडंच झाडं. उतरतो ते ठिकाण म्हणजे पलाली. २०१९ पासून त्याला जाफना आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात, पण गावातला एक माणूस ते नाव घेईल तर शपथ. सगळे पलालीच म्हणतात.

नल्लूरचं देऊळ पाहिलं, १९८१ साली जाळलेलं आणि नंतर पुन्हा उभं केलेलं वाचनालय पाहिलं, दोसे खाल्ले. परतताना रिक्षावाले अण्णा विमानतळाच्या कुंपणापाशी आल्यावर बोट दाखवून म्हणाले, "इथून उठलेलं एक पाडलं. दुसऱ्या दिवशी दुसरं." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. विमानात बसायला निघालेल्या माणसाने असले विषय वाढवू नयेत.

घरी येऊन वाचलं. जानेवारी १९९५ मध्ये चंद्रिका कुमारतुंगा सरकार आणि लिट्टे ही तमिळ बंडखोर संघटना यांच्यात शस्त्रसंधी झाली. १९ एप्रिलला लिट्टेने त्रिंकोमालीच्या बंदरात नौदलाच्या दोन बोटी उडवल्या आणि ती मोडली. २८ एप्रिलला पलालीहून उडालेलं श्रीलंका हवाई दलाचं ॲव्हरो वाहतूक विमान क्षेपणास्त्राने पाडलं. २९ एप्रिलला तिथेच उतरायला येणारं दुसरं ॲव्हरो पाडलं. दोन्ही मिळून नव्वदहून अधिक माणसं गेली.

माझा प्रश्न साधा आहे. पहिल्या दिवशी पडलं ते समजू शकतो, माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच विमान, तीच धावपट्टी, तेच आकाश. का पाठवलं? इथे फौजेतले, हवाई दलातले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

उगाच_एक

पहिला! आता वाचतो.

खडीसाखर

यात विचारायचं काय? साहेब लोक पंख्याखाली बसून सही करतात आणि मरतो तो जवान. जगातल्या सगळ्या सैन्यांत हेच. पहिलं विमान पडल्यावर चोवीस तास सगळं बंद ठेवायला काय अक्कल लागते?

डार्टवाला

खडीसाखर, थोडं थांबा. हवाई दलात बावीस वर्षं इंजिनांत हात काळे केलेत, त्यातली नऊ ॲव्हरोवर. म्हणून जरा लांबण लावतो.

ॲव्हरो म्हणजे एचएस ७४८. आपल्याकडे एचएएल या सरकारी विमान कंपनीने कानपूरला बांधली, पहिलं उडालं नोव्हेंबर १९६१ मध्ये. दोन रोल्स रॉईस डार्ट इंजिनं. हे इंजिन गाढवासारखं. दिसायला काही नाही, पण ओझं ओढतं आणि कुरकुर करत नाही. आवाज मात्र असा, की संध्याकाळी घरी गेल्यावरही कानात शिट्टी चालू. बायको हाक मारायची ती ऐकू यायची नाही (हे कारण मी निवृत्तीनंतरही वापरतो).

उन्हाळ्यात, भरलेल्या विमानाला उडताना ताकद कमी पडते म्हणून डार्टमध्ये पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण सोडतात. म्हणजे उड्डाणाच्या वेळी इंजिन शंभर टक्क्यांवर, विमान सगळ्यात जड, वेग सगळ्यात कमी, आणि मागचं धुराडं तापलेलं. थंडीच्या दिवसांत पहाटेचं उड्डाण करून विमान परत आलं की इंजिन बंद झाल्यावर आम्ही त्या धुराड्याजवळ उभे राहून हात शेकायचो. चहा येईपर्यंत ऊब पुरायची. क्षेपणास्त्राला दिसतं ते हेच. विमान दिसत नाही, धुराडं दिसतं.

खांद्यावरून सोडायची जी पहिल्या पिढीची क्षेपणास्त्रं आहेत, रशियन स्ट्रेला-२ वगैरे, त्यांना समोरून येणारं विमान धड पकडता येत नाही. मागून पाठलाग करायचा, कारण गरम भाग मागे. उडून लांब जाणारं विमान आपली पाठ दाखवत जातं. माणूस धावपट्टीच्या रेषेत पुढे कुठेतरी झाडीत बसला, विमान डोक्यावरून जाऊ दिलं आणि मग उठून उभा राहिला, की झालं.

आता मूळ प्रश्न. या क्षेपणास्त्राचा स्फोटक भाग जेमतेम किलोभर. विमानाचे आकाशात तुकडे होतात वगैरे सिनेमात. इथे इंजिनात लागतं, इंजिन पेटतं, पंखातलं इंधन पेटतं. लांबून बघणाऱ्याला काय दिसतं? इंजिनाला आग लागलेलं विमान. उड्डाणात इंजिन पेटून विमानं पडतात हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं. लिट्टेची क्षेपणास्त्रं तोवर कुणी अशी उडताना पाहिलेली नव्हती. मग पहिल्या संध्याकाळी चौकशी करणारा आधी काय म्हणेल? मी असतो तर आधी देखभालीच्या वह्या मागवल्या असत्या, शेवटचं काम कुणी केलं ते बघितलं असतं. आणि तो शेवटचा माणूस रात्रभर झोपला नसता, हेही सांगतो.

चिंगी

डार्टवाला काका, दंडवत! वाखुसा (वाचनखूण साठवली).

गणिती_गण्या

थोडी आकडेमोड. चुकलं तर काका कान धरतीलच.

स्ट्रेला-२ ची उंचीची मर्यादा साधारण २३०० मीटर, म्हणजे साडेसात हजार फूट. पल्ला चारेक किलोमीटर. भरलेलं ॲव्हरो मिनिटाला हजार-बाराशे फूट चढतं असं धरा. म्हणजे धोक्याच्या वर जायला सहा-सात मिनिटं. तेवढ्यात ताशी अडीचशेच्या वेगाने विमान पंचवीस-तीस किलोमीटर लांब गेलेलं असतं. थोडक्यात, विमानतळाभोवती पंचवीस किलोमीटरपर्यंत एकही माणूस नळी घेऊन बसलेला नाही याची खात्री हवी. पलालीच्या तळाभोवती सैन्याचा ताबा होता तो त्या मानाने पदराएवढा. बाकी द्वीपकल्प तेव्हा लिट्टेकडे.

पाच किलोमीटरची पट्टी सुरक्षित धरली तरी ती ओलांडायला विमानाला सव्वा मिनिट लागतं. तोवर उंची दीड हजार फूट. म्हणजे कुंपण ओलांडताना विमान अगदी ताटात वाढल्यासारखं.

आणि क्षेपणास्त्राचा वेग सेकंदाला चार-पाचशे मीटर. दोन किलोमीटरवरून सोडलं तर चार-पाच सेकंद. एवढ्या वेळात वैमानिकाला "अरे" म्हणता येतं.

खडीसाखर

मग हेच गणित २८ तारखेच्या रात्री कुणी का केलं नाही? माझा मुद्दा तोच आहे.

शेपूट

अवांतर: ॲव्हरो म्हटलं की मला इंडियन एअरलाइन्स आठवते. लहानपणी एकदाच बसलो. हवाईसुंदरी ट्रेमधून लिमलेटच्या गोळ्या आणि कापूस वाटायची. मी कापूस खाल्ला होता आणि गोळी कानात घातली होती, अशी आईची आवडती गोष्ट आहे. खरी नाही. निदान पूर्ण नाही.

जुनी_पोथी

शेपूट, त्याच इंडियन एअरलाइन्सचं ॲव्हरो ऑगस्ट १९७९ मध्ये पुण्याहून मुंबईला येताना पनवेलजवळ डोंगरावर आदळलं होतं. पंचेचाळीस माणसं गेली. आमच्या पेठेत त्या पावसाळ्याचा विषय लोक बराच काळ काढायचे.

मुद्द्यावर येते. "दुसऱ्यांदा तेच" हे फक्त श्रीलंकेत झालेलं नाही. ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे), सप्टेंबर १९७८. कारिबाहून उडालेलं 'हुन्यानी' नावाचं व्हायकाउंट प्रवासी विमान गनिमांनी स्ट्रेला-२ ने पाडलं. उडाल्यावर काही मिनिटांतच. पडल्यावर वाचलेल्यांपैकी दहा जणांना जमिनीवर गोळ्या घातल्या. पुढे फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याच कारिबाहून, त्याच मार्गावरचं दुसरं व्हायकाउंट 'उम्नियाती' पाडलं. एकोणसाठच्या एकोणसाठ माणसं गेली. दोन विमानांत पाच महिन्यांचं अंतर! तिथे चोवीस तासांची सबब नव्हती. त्यानंतर कुठे त्यांनी धुराड्यांवर आवरणं बसवली आणि उष्णता कमी दिसावी म्हणून वेगळा रंग लावला.

आणि डार्टवाला, व्हायकाउंटचं इंजिन कुठलं होतं सांगा पाहू.

डार्टवाला

डार्ट. च्यायला.

चार डार्ट होती त्याला. पोथीताई, हे मी कधी जोडून बघितलंच नव्हतं. नऊ वर्षं त्या इंजिनावर काम केलं आणि धुराड्यावर टोपण घालायचा विषय आमच्या शेडमध्ये एकदाही निघाला नाही. निघणार तरी कसा, आम्ही लढाईत नव्हतो.

भाषाशुद्ध_भाऊ

'क्षेपणास्त्र' बरोबर की 'प्रक्षेपणास्त्र'? वर्तमानपत्रं दोन्ही लिहितात.

उगाच_एक

ज्याच्यावर पडतं त्याला फरक पडत नाही भाऊ.

कावेरीकाठ

मी तंजावर मराठी. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि भांडताना दोन्ही. मला या धाग्यात एक खटकतंय. सगळे विमानात बसलेल्यांचं गणित करताहेत. ठीक आहे, मेलेल्या माणसाबद्दल वाईट वाटावंच. पण ते सैन्याचं विमान होतं, सैनिक नेणारं. शस्त्रसंधी मोडली होती, मग ती लिट्टेनेच मोडली का असेना. युद्धात सैन्याचं वाहतूक विमान हे लक्ष्य असतंच. १९९० मध्ये पलालीच्या तळाभोवतीची गावंच्या गावं रिकामी झाली, लोक पुढची दोन-तीन दशकं छावण्यांत आणि नातेवाइकांच्या ओसरीवर राहिले. वाटसरू ज्या कुंपणाजवळून गेले, त्याच्या आत कुणाची तरी विहीर आणि आंब्याचं झाड आहे. रिक्षावाले अण्णा का गप्प बसले, याचा विचार करा.

खडीसाखर

म्हणजे रजेवर घरी चाललेली पोरं मारली ते बरोबर?

कावेरीकाठ

मी बरोबर म्हटलेलं नाही. युद्धाच्या नियमांत काय बसतं ते म्हटलं. या दोन वाक्यांतला फरक कळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आणि माझा लिट्टेला पाठिंबा आहे असं कुणी म्हणायच्या आधीच सांगते. सप्टेंबर १९९८ मध्ये पलालीहूनच उडालेलं लायनएअरचं प्रवासी विमान लिट्टेने पाडलं. आत पंचावन्न माणसं, प्रवासी बहुतेक जाफन्याचेच तमिळ. रस्ता बंद म्हणून विमानाने कोलंबोला निघालेले. त्या विमानाचे अवशेष समुद्रात सापडायला २०१२ उजाडलं. चौदा वर्षं घरच्यांना कळलं नाही की श्राद्ध घालायचं की वाट बघायची. आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या शेजारचं कुटुंब त्यातलं. त्या बाई आजही "विमान पडलं" म्हणत नाहीत, "विमान आलं नाही" म्हणतात.

खडीसाखर

हे माहीत नव्हतं. माझा सूर चुकला असेल तर माफ करा.

टारझन_३००

एक शंका. हा धागा विमानाचा आहे की श्रीलंकेच्या वांशिक प्रश्नाचा? उद्या कुणीतरी कावेरीचं पाणीवाटप काढेल.

कावेरीकाठ

माझं नाव कावेरीकाठ आहे म्हणून होय? :)

संपादक मंडळ

कृपया चर्चा विषयाला धरून ठेवावी. कालपासून दोन प्रतिसाद काढले आहेत, का ते लिहिणाऱ्यांना माहीत आहे.

भीमथडी

बाबा महार रेजिमेंटमध्ये होते. श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेबरोबर १९८८ मध्ये जाफन्यात. परमवीर मिळालेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे, ८ महारचे. ते नोव्हेंबर १९८७ मध्ये गेले. आमच्या घरी त्यांचा फोटो आहे, बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी.

बाबांकडून ऐकलेलं सांगतो. पलाली म्हणजे जवानाच्या लेखी विमानतळ नव्हतंच, ते एसटी स्टँड. एएन-३२ वाहतूक विमान यायचं, पीठ-तांदूळ-दारूगोळा-टपाल उतरायचं, आणि तेच विमान रजेवाले, जखमी, आणि कधी कधी पेट्या घेऊन परत जायचं. रजेवाले पहाटेपासून सावलीत ट्रंकेवर बसलेले. यादी घेऊन एक हवालदार यायचा आणि नावं वाचायचा. बाबा म्हणतात, त्या वेळी कान जसे टवकारले जायचे तसे गस्तीवरही नाही. नाव आलं की आत. आत बाकडी नाहीत, बाजूला जाळीच्या पट्ट्या, मधे सामान. ज्याचं नाव आलं नाही तो परत ट्रंकेवर. उद्या.

त्या काळात लिट्टेकडे विमान पाडणारं क्षेपणास्त्र नव्हतं, निदान आपल्यावर कधी सुटलं नाही. मशीनगनच्या गोळ्या यायच्या. ऑक्टोबर ८७ मध्ये जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने जवान उतरवताना काय झालं ते इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण एएन-३२ मध्ये बसताना कुणी देवाचं नाव घेतलं नाही, घेतलं ते उकाड्यापायी.

मला वाटतं वाटसरूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे कुठेतरी आहे, पण मला ते नीट मांडता येत नाही. बाबांना फोन करून विचारतो.

जुनी_पोथी

भीमथडी, जरूर विचारा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

शांतिसेनेच्याही आधी, ४ जून १९८७ ला, आपल्याच एएन-३२ विमानांनी बंगळूरहून जाऊन जाफन्यावर मदतीचं सामान टाकलं होतं. पाच विमानं, सोबत मिराज लढाऊ विमानं, सुमारे पंचवीस टन सामान. ऑपरेशन पूमलाई, म्हणजे फुलांची माळ. त्याच आकाशात आठ वर्षांनी काय झालं बघा.

नाशिककर

फक्त वाचत होतो, पण आता लिहितो.

२७ फेब्रुवारी २०१९. श्रीनगरहून आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर उडालं, दहाएक मिनिटांत बडगामला कोसळलं. त्या सकाळी पाकिस्तानी विमानं आली होती, आकाशात सगळा गोंधळ. सुरुवातीला सगळीकडे "तांत्रिक बिघाड" हाच शब्द. हेलिकॉप्टरमधले सहा जण आणि खाली जमिनीवरचा एक माणूस गेला. आमच्या नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात होते. अंत्ययात्रेला गोदाकाठी जी गर्दी लोटली होती त्यात मीही होतो. माझ्या पुढे एक शाळकरी मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून सारखा विचारत होता, "हेलिकॉप्टर बिघडलं कसं?" वडील म्हणाले, "यंत्र आहे बाळा, बिघडतं."

ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी जाहीर सांगितलं की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, मोठी चूक झाली.

डार्टवाला काका म्हणतात ते म्हणून पटतं. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी बिघाडच असतो. कळायला दिवस लागतात, इथे तर महिने लागले.

डार्टवाला

नाशिककर, काय लिहू.

यंत्र बिघडलं असं म्हणणं सगळ्यात सोपं, कारण यंत्र उलट बोलत नाही. आणि मग इंजिनवाले आपोआप आरोपीच्या पिंजऱ्यात.

गणिती_गण्या

कारगिलचंही आठवतं. २१ मे १९९९ ला कॅनबेरा विमानाला स्टिंगर, म्हणजे खांद्यावरून सोडायचं क्षेपणास्त्र, लागलं, वैमानिकाने एका इंजिनावर श्रीनगरला आणलं. २७ ला मिग-२१ पाडलं, २८ ला तोलोलिंगजवळ एमआय-१७. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर नव्हते असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. त्यानंतर विमानांनी उंची वाढवली आणि स्टिंगरच्या टप्प्याच्या वरून मारा सुरू केला. म्हणजे आपणही २१ मेला शहाणे झालो नाही, २८ नंतर झालो. सात दिवस.

चिंगी

फ्लेअर म्हणजे ते दिवाळीच्या झाडासारखं पेटत खाली पडतं ते ना? काबूलच्या वेळी टीव्हीवर दाखवलं होतं.

डार्टवाला

तेच. विमानाच्या धुराड्यापेक्षा जास्त तापलेली वस्तू हवेत सोडायची, म्हणजे क्षेपणास्त्र तिच्या मागे जातं. जुन्या क्षेपणास्त्रांना हे पुरतं. नवी हुशार झालीत, त्यांना फुलबाजी आणि इंजिन यांतला फरक कळतो. म्हणून आता विमानावरून लेझरच सोडतात, शोधणारा डोळाच आंधळा करायचा. पण ॲव्हरोसारखी जुनी वाहतूक विमानं अशा लढाईसाठी बनवलेलीच नव्हती. आपण आता त्यांच्या जागी सी-२९५ आणतोय. छप्पन्न घेतलीत, त्यातली चाळीस वडोदऱ्याला बनणार. मी बघायला असेन की नाही देव जाणे, पण डार्टची शिट्टी बंद होणार याचं जरा वाईट वाटतं.

वाहतूक विमानांचा दुसरा उपाय म्हणजे उतरताना विमानतळाच्या बरोब्बर वर उंच यायचं आणि गोल गोल घिरट्या घेत खाली उतरायचं. उडताना तसंच गोल फिरत वर. गण्याने सांगितलेलं पंचवीस किलोमीटरचं गणित त्याने कुंपणाच्या आत बसवता येतं. बगदादला सगळे असंच करायचे. तरीही नोव्हेंबर २००३ मध्ये डीएचएलचं मालवाहू एअरबस उडाल्यावर तिथे लागलंच. सगळं हायड्रॉलिक गेलं, सुकाणू मेलं. तिघांनी फक्त इंजिनांची ताकद कमीजास्त करत ते परत उतरवलं. याला मी उड्डाण म्हणत नाही, कीर्तन म्हणतो. देवाला बोलावून आणलं त्यांनी.

शेपूट

काका, तुमचा एक वेगळा धागा पाहिजे. 'धुराड्याजवळचे दिवस'.

टारझन_३००

+१. आणि शेपूटने कापूस खाऊन यावं.

जुनी_पोथी

खडीसाखर यांचा पहिला मुद्दा, साहेब लोकांची जबाबदारी, तो इतक्यात सोडू नये असं मला वाटतं. युक्रेनमध्ये त्यावर खटलाच झाला. जून २०१४, लुहान्स्कचा विमानतळ, भोवती सगळा वेढा. पलालीसारखीच गत. रात्री सैनिक घेऊन तीन आयएल-७६ वाहतूक विमानं पाठवली. पहिलं उतरलं. दुसरं उतरताना खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पाडलं, चाळीस छत्रीधारी सैनिक आणि नऊ जणांचे कर्मचारी, एकोणपन्नासच्या एकोणपन्नास गेले. तिसरं माघारी वळलं.

ज्या जनरलवर ही मोहीम होती त्याला २०१७ मध्ये निष्काळजीपणाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. युद्धात धोका माहीत असूनही विमान पाठवावं लागतं का, त्याला गुन्हा म्हणायचं का, यावर न्यायाधीशांचंही दोन वेळा दोन तऱ्हेचं मत पडलं. मग आपण इथे एका रात्रीत काय ठरवणार?

खडीसाखर

ठरवू नका, पण विचारायला तर हवं. मेलेल्यांच्या घरच्यांनी तेवढं तरी विचारलंच असेल.

जुनी_पोथी

मान्य.

वाटसरू_तळेगाव

दोन दिवस नेट बंद होतं, आत्ता सगळं वाचलं. एका वाक्याच्या प्रश्नावर एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. कावेरीकाठ, विहिरीचं आणि आंब्याचं तुम्ही लिहिलंत ते टोचलं. मी त्या कुंपणाचा फोटो काढायला मोबाईल वर केला होता, अण्णांनी हातानेच खाली करायला लावला. मला वाटलं बंदी आहे म्हणून.

मला एक नवीनच सुचतंय. मी "दुसरं का पाठवलं" असं विचारलं, जणू न पाठवण्याची सोय होती. पण नकाशा बघितला. द्वीपकल्पात सैन्य एका कोपऱ्यात, दक्षिणेला जाणारा रस्ता लिट्टेच्या मुलखातून. रस्ता बंद, उरलं काय तर समुद्र आणि हवा. समुद्रात दहा दिवसांपूर्वीच दोन बोटी उडालेल्या. विमान बंद करायचं तर आत हजारो सैनिक नुसते ठेवायचे, जखमी तिथेच, रसद बंद. एसटी बंद पडली तर गावकरी चालत तालुक्याला जातो. यांना चालत जायला काही नव्हतं.

गणिती_गण्या

बरोबर. शिवाय पहिल्याला उडताना मारलं आणि दुसऱ्याला उतरताना. म्हणजे दोन्ही बाजूंना माणसं बसलेली असणार. एक दिवस थांबून काय होणार होतं? ती माणसं तिथेच बसली असती. थांबायचं तर महिनाभर थांबावं लागलं असतं.

खडीसाखर

तरीही चोवीस तास. मी हेका सोडत नाही. पण मुद्दा कळला.

भीमथडी

बाबांना फोन केला. स्पीकरवर ठेवून लिहून घेतलं, म्हणून जसं बोलले तसं देतो. मधे आईचं "जेवायला या" चालू होतं, ते गाळलंय.

"ते श्रीलंकेचं ९५ चं ना? तेव्हा मी सागरला होतो, सेंटरला. रेडिओवर ऐकलं. आम्ही चार जण तिथे होतो जे पलालीला राहून आलेलो. कुणी काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, दुसऱ्या विमानात बसलेल्यांना पहिल्याचं माहीत असणार. आम्ही म्हटलं, असणारच. अशा बातम्या लपत नाहीत, वायरलेसवाल्याकडून लंगरपर्यंत यायला अर्धा तास.

"मग बसले कसे? हे तू मला विचारतोस? हुकूम असतो. आणि हुकूम नसता तरी बसले असते. दुसरं विमान तर तिकडेच चाललेलं, रजा संपवून परत जाणारे किंवा बदलीवर जाणारे. ते गेल्याशिवाय तिथला माणूस रजेवर सुटत नाही. माझ्या वेळी माझ्या बदली येणारा तीन दिवस उशिरा आला. तीन दिवस मी त्याला शिव्या दिल्या. आला तेव्हा गळ्यात पडलो. तो मद्रासला विमानाची वाट बघत बसला होता, त्याचा काय दोष. तर हे असं आहे. तू नाही गेलास तर तिकडे एक जण ट्रंकेवर बसून राहतो.

"आणि ऐक, तुझ्या त्या गृहस्थांना विचार. पलालीला विमानातून उतरल्यावर डाव्या हाताला कडुनिंबाचं एक मोठं झाड होतं, त्याच्या खाली रजेवाले बसायचे. ते अजून आहे का?"

वाटसरू_तळेगाव

भीमथडी, बाबांना माझा नमस्कार सांगा. डाव्या हाताला आता टर्मिनलची नवी शेड आहे. झाड मला दिसलं नाही, पण मी उजवीकडे बॅगा शोधत होतो. माझ्या भाचीच्या ऑफिसातली दोघं पुढच्या महिन्यात जाताहेत, त्यांना बघायला सांगितलंय. फोटो मिळेल की नाही सांगता येत नाही, तिथे काढू देत नाहीत. नुसतं बघून येतील.